जिवाची राखण

त्या साली संत्र्यावर कोळशी आली. आधी पानांच्या पाठीशी बारीक माशी बसली, मग पानांवर चिकट पाणी सुटलं, आणि दिवाळीच्या आत सगळा बगीचा तव्याच्या बुडासारखा काळा पडला. झाडाखालून निघालं की डोक्यावरचा पदर काळा, हात काळे, नाकपुड्या काळ्या. फळ आतून गोड होतं, पण वरून असं की कोणी हातात धरू नये. फळं विकत घेणाऱ्या बागवानानं सांगून टाकलं होतं, पुसून द्या, नाहीतर झाडालाच राहू द्या.

म्हणून चंपतराव बेलखेड्यांच्या घरातली सगळी माणसं सकाळपासून बगीच्यातल्या खोपटीपुढं बसून संत्री पुसत होती. शेजारी पाण्याची बादली, हातात ओल्या बारदान्याचा तुकडा. फळ उचलायचं, घासायचं, सालीला नख लागू द्यायचं नाही, वाळल्या तणसावर ठेवायचं. मग दुसरं. सालीच्या तेलानं प्रेमिलाच्या बोटांना चिरा पडल्या होत्या, आणि त्यांत पाणी गेलं की डोळ्यांत पाणी येई. ती या घरची सून. नवरा बळीराम कोराडीला वीजघराच्या कामावर. सुटी मिळाली तर एखाद्या वेळी एसटीनं येई. घरात सासू रुखमाबाई, सासरे चंपतराव, तिची रांगती पोरगी, आणि धाकटा दीर गुलाब.

गुलाबला सोळावं लागलं होतं. नागपूरच्या एका बोर्डिंगात राहून शिकत होता. दसऱ्याच्या सुमारास एका सकाळी पेटी डोक्यावर घेऊन तो गावच्या फाट्यावर उतरला आणि परत गेलाच नाही. काय झालं विचारलं तर म्हणे, काही नाही. चंपतरावांनी आधी समजावलं, मग शिव्या दिल्या, मग हातात बारदाना दिला.

आता तो भिंतीला टेकून बसला होता. मान खाली. दाढीची लव वाढलेली, गळ्याची घाटी वर आलेली. त्याच्या पुढ्यातला ढीग सगळ्यांत लहान होता.

"हात चालव गा," चंपतराव म्हणाले. "बोर्डिंगात नरम झाले हात तुहे."

गुलाबनं हात चालवला. थोड्या वेळानं बागवान आला. त्यानं तणसावरची दोन-चार फळं फिरवून पाहिली, गुलाबच्या ढिगातलं एक उचललं. डेठाशी काळं तसंच होतं.

"हाच ना मास्तर होनार होता?" बागवान हसला. "याले एक संत्रं नाही पुसता येत, चंपतराव."

चंपतरावही हसले. गिऱ्हाईक हसलं की हसावं लागतं. "न शिकला न कामाचा," ते म्हणाले. "खायाले काळ अन् भुईले भार."

गुलाबनं वर पाहिलं नाही. हातातलं फळ तो घासतच राहिला. काळं निघून गेलं, साल पिवळी झाली, पांढरी झाली, मग फुटली, आणि रस त्याच्या मनगटावरून कोपरापर्यंत ओघळला. तरी त्याचा हात थांबला नाही. शेवटी प्रेमिलानंच पुढं होऊन त्याच्या हातातून फळ काढून घेतलं.

प्रेमिलाला काळजी लागली ती आणखी दोन-तीन दिवसांनी. शेजारच्या घरचा पोरगा गुलाबचं नवं स्वेटर घालून हिंडताना दिसला. विचारलं तर म्हणाला, गुलाबभाऊनं देऊन टाकलं. कंपासपेटीही दिली, पेनही दिला. संध्याकाळी ती गोठ्यात शेण काढत होती तर गुलाब येऊन उभा राहिला. बैलाच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाला, "वहिनी, माय थकली आता. तिच्याकडं पाहत जाजा तुमी."

"तुमी नाही का पाहाले?" ती म्हणाली.

 बैलाच्या मानेवरची गोचीड काढून त्यानं पायाखाली चिरडली आणि निघून गेला.

शेणाचं टोपलं प्रेमिलाच्या हातातच राहिलं. तिला वच्छी आठवली. वच्छी तिची धाकटी बहीण, माहेरची. ती जायच्या आदल्या दिवशी अशीच अंगणात उभी होती. हातातल्या बांगड्या काढून प्रेमिलाला दिल्या आणि म्हणाली, माह्या कोंबड्याले दाणे टाकत जाजो बाई. प्रेमिला हसली होती. तूच टाक तुह्या कोंबड्याले, म्हणाली होती. दुसऱ्या दिवशी वच्छी घरातून गेली ती जिवंत परतली नाही. गावाला अपघात म्हणून सांगितलं. घरातही पुढं तेच बोलत राहिले. शेवटी प्रेमिलाची मायसुद्धा तसंच धरून चालली.

तिनं आधी सासूला सांगितलं. रुखमाबाई चुलीपुढं भाकरी थापत होती.

"आत्याबाई, गुलाबभाऊचं लक्षण मले बरं नाही दिसून राहिलं. जेवत नाही, झोपत नाही. आपल्या वस्तू वाटून राहिले. त्याइच्या मनात काही बाही असन."

"काही बाही म्हंजे?"

प्रेमिलानं आवाज खाली केला. "जिवाचं."

रुखमाबाईचा हात परातीतच थांबला. मग तिनं भाकरी तव्यावर अशी आपटली की कड फाटली. "जिभेले हाड हाय का तुह्या? भरल्या घरात, चुलीपुढं बसून असं बोलते? पोराचं वय हाय, फुगला असन. येईन ठिकाणावर."

 पण भाकरी परतताना सासूच्या बोटाला चटका बसला आणि तिला तो कळलासुद्धा नाही, हे प्रेमिलानं पाहिलं.

दुसऱ्या दिवशी ती भाकरीचं फडकं घेऊन बगीच्यात गेली तेव्हा गुलाब एकटाच झाडाखाली होता. चंपतराव पेट्या आणायला गेले होते. प्रेमिलानं फडकं खाली ठेवलं आणि त्याच्यासमोर जमिनीवर बसली. दीर-भावजय असं उघड्यावर समोरासमोर बसलेलं कोणी पाहिलं तर गावाला बोलायला तेवढं पुरे होतं. तिनं पदर सारखा केला, पण उठली नाही.

"गुलाबभाऊ, एक इचारू? रागावू नका."

"इचारा."

विचारायचं कसं हे तिनं रात्रभर घोळवून ठेवलं होतं. पण तोंड उघडल्यावर त्यातलं काहीच आलं नाही, आणि आजवर कधी न काढलेला एकेरी शब्द निघाला. "तुह्या मनात जीव द्याचं येते का?"

गुलाब बारदाना पिळत राहिला. काळं पाणी त्याच्या पायाच्या बोटांवर पडत होतं.

"येते," तो म्हणाला.

"कधीपासून?"

"बोर्डिंगात होतो तवापासून. आधी कधी कधी ये. आता रोजच येते." तो थांबला. मग गाडी उताराला लागावी तसा बोलू लागला. "पुस्तक उघडलं का अक्षरंच हालत. मास्तरनं बाकावर उभं केलं. मी बोललो का सारे पोट्टे माह्या बोलण्याची नक्कल करत, मले-तुले, मले-तुले. मंग मी बोलणंच सोडलं. झोप गेली. इकडे आल्यावर वाटलं बरं वाटन. नाही वाटलं. सकाळी उठलो का छातीवर धोंडा ठेवल्यावानी होते, वहिनी. मले मराची हौस नाही. मले फक्त हे थांबवाचं हाय."

असं बोलू नये, हे शब्द प्रेमिलाच्या ओठांवर आले होते. देवाचं नाव घे, मायबापाचा विचार कर, हेही आले. तिनं ते सगळे गिळले. ते ऐकून पोरगं पुन्हा गप्प होईल एवढं तिला कळत होतं.

"लय दिवस एकट्यानं ओढलं तू," ती म्हणाली.

गुलाबनं पहिल्यांदा तिच्याकडं पाहिलं. डोळे लाल होते, कोरडे.

"माह्यापाशी याचं औषध नाही," ती म्हणाली. "पण कोणापाशी तरी असन. मी हे पोटात ठेवणार नाही."

"नोका सांगू कोणाले. बाबा सालटं काढन."

"काढू दे. मी मधात उभी राहीन."

"तुमाले सांगून मी चूक केली." तो उठला. बादलीला पाय लागून ती कलंडली. "सारे सारखेच तुमी."

"चूक तं चूक," प्रेमिला म्हणाली. "जेवून घे आधी."

तो जेवला नाही. पण पळूनही गेला नाही. दोन झाडं सोडून, पाठ फिरवून बसला.

त्याच दुपारी प्रेमिलानं एक काम केलं. खोपटीत फवाऱ्याचं औषध पडलेलं होतं. तिनं ते सगळं टोपल्यात घातलं, वर गवत टाकलं, आणि गावाच्या कडेला नर्सबाईच्या खोलीवर गेली. सिंधूताई सरकारी नर्स. माहेर नागपूरचं, घर बौद्ध. भिंतीवर बुद्धाची तसबीर. बाळंतपणाला गाव तिला अर्ध्या रात्री उठवून नेई, पण तिच्या घरचा चहा प्यायचा म्हटलं की सगळ्यांना काम आठवे. प्रेमिलानं चहा घेतला. बशी हातात धरून सगळं सांगितलं.

सिंधूताईनं टोपलं घेतलं, आतल्या पेटीत ठेवून कुलूप लावलं.

"मी बाळंतपणं करते, सुया देते," ती म्हणाली. "यातलं मले फारसं समजत नाही, बाई, उगाच कशाले सांगू. पण नागपूरच्या मोठ्या दवाखान्यात याचे डॉक्टर असतात, एवढं ठाऊक हाय. न्या त्याले. अन् तवरिक एकटं सोडू नका."

"मामाजी नाही नेऊ देणार."

"इचारलं का तुमी?"

विचारलं नव्हतं. घरी परतेपर्यंत प्रेमिला तेच वाक्य जुळवत होती.

चंपतराव ओट्यावर जेवायला बसले होते. सुनेनं सासऱ्यापुढं उभं राहून बोलायची त्या घरात रीत नव्हती. काही हवं-नको ते रुखमाबाईमार्फत जाई. प्रेमिला दाराच्या चौकटीला धरून उभी राहिली आणि चौकटीकडंच पाहत बोलली. जे गुलाबनं सांगितलं ते, एक शब्द कमी न करता.

चंपतरावांनी घास खाली ठेवला.  मग त्यांनी ताट असं सरकवलं की ते अंगणात जाऊन पडलं आणि कोंबड्या धावल्या.

"माह्या घराण्यात आजवर कोणी पागल झाला नाही," ते म्हणाले. आवाज चढलेला नव्हता, म्हणून जास्त लागला. "तुह्या बहिणीचं काय झालं ते आमाले ठाऊक होतं. तरी सून करून आणली. आता ते इथं नोको आणू."

इतक्या वर्षांत हे कोणी तिच्या तोंडावर बोललं नव्हतं. रुखमाबाईनंही मान फिरवली.  प्रेमिलानं चौकट घट्ट धरली.

"म्हणूनच सांगून राहिली, मामाजी," ती म्हणाली. "आमच्या घरी कोणी सांगितलं नोतं."

"उद्या बळीरामाले निरोप देतो. तो तुले माहेरी नेऊन घालन."

"घालू द्या. पण आधी गुलाबभाऊले नागपूरले न्या."

चंपतराव हात न धुताच उठून गेले. तेव्हा प्रेमिलाला दिसलं, गोठ्याच्या कुडाआड गुलाब उभा होता. सगळं ऐकत. तिनं हाक मारली तोवर तो आत निघून गेला. रात्री रुखमाबाईनं काही न बोलता आपली वाकळ उचलली आणि पोराच्या बाजेशी आणून टाकली.

सकाळी संत्री पुसायला बसले तेव्हा गुलाब होता. मग परसाकडे जातो म्हणून उठला आणि आला नाही. पहिल्यांदा रुखमाबाईच्या लक्षात आलं. ती नुसती उभी राहिली, हातातलं फळ खाली पडलं, आणि तिनं प्रेमिलाकडं पाहिलं. त्या पाहण्यात कालचा राग नव्हता.

"जाय वं," ती म्हणाली. "पाह्य त्याले. मी पोरीले धरतो."

प्रेमिला चपला न घालता निघाली. विहिरीवर गेली, कडब्याच्या गंजीमागं पाहिलं, शाळेच्या पडवीत पाहिलं. ऊन चढलं होतं. काट्यांनी टाचा फुटल्या. शेवटी नाल्याच्या पात्रात, गावापासून दूर, मोठ्या खडकावर तिला त्याची पाठ दिसली. गुडघ्यांना मिठी मारून बसला होता. ती धावली नाही. चालत गेली, खडकाला धरून चढली आणि त्याच्या शेजारी बसली.

"जा वहिनी," तो म्हणाला.

"नाही जात."

"किती वेळ बसान?"

"मले काय काम हाय? काळी संत्री पुसून पुसून कंटाळली मी."

तो हसला नाही. पण त्याचे खांदे जरा खाली आले. दोघं बसून राहिली. पाणी आटलेल्या डबक्यात बगळा उभा होता, एक एक पाय उचलून ठेवत होता. प्रेमिलानं त्याला वच्छीबद्दल सांगितलं. ती कशी हसायची, कोंबड्यांना नावं कशी ठेवायची, तिला चिंचा किती आवडत. ती कशी गेली ते सांगितलं नाही. ती गेल्यावर घराचं काय झालं तेवढं सांगितलं. माय अजून एका माणसाची भाकरी जास्त करते अन् मंग गाईले टाकते, म्हणाली. तेव्हा गुलाब रडला. आधी आवाज नव्हता, मग लहान लेकरासारखा हुंदके देत, नाक वाहू देत रडला. प्रेमिलानं पदर दिला.

चंपतराव आले ते काठावरून. हातात बैल हाकायची काठी होती. धापा टाकत ते खडकाजवळ येऊन थांबले. त्यांना पाहताच गुलाबनं दोन्ही हात डोक्यावर घेतले. हात आपोआप गेले, जसे लहानपणापासून जात आले होते.

चंपतराव त्या हातांकडं पाहत राहिले. काळे पडलेले, चिरा गेलेले हात. मनगटं चिमणीच्या पायासारखी. त्यांनी काठी वाळूत टाकली. खडकाला टेकले, आणि टेकताना गुडघे वाजले.

 बगळा उडून गेला.

"माहा बाप मले असंच बोले," चंपतराव म्हणाले. ते नाल्याकडंच पाहत होते. "मले वाटे, बोललं म्हंजे पोट्टं सुधरते."

गुलाबनं हात खाली घेऊन तोंड पदरात लपवलं.

"बागवानापुढं बोललो ते बोलाले नोतं पाहिजे."

"खरंच हाय ते," गुलाब पदरातून म्हणाला. "मी भारच हावो."

"कोण म्हणते?"

"तुमीच म्हणले."

चंपतरावांनी तोंडावरून हात फिरवला. त्यांच्या हाताचं काळं गालाला लागलं. "तू नसला तं त्या बगीच्याले का चाटू मी?" ते म्हणाले. "तुले काय होऊन राहिलं ते मले नाही समजत गा. अडाणी माणूस मी. बैल बसला तं समजते, झाड सुकलं तं समजते. हे नाही समजत. ज्याले समजते त्याच्याकडं जाऊ. चाल."

परतताना ते पुढं चालले नाहीत. पोराच्या बाजूनं, त्याच्या पायाला पाय जुळवत चालले. काठी तिथंच वाळूत राहिली. मागून प्रेमिला लंगडत येत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं गुलाब, चंपतराव आणि प्रेमिला, तिघं निघाली. बगीच्यात निम्मं फळ काळंच राहिलं होतं आणि बागवान दुपारी येणार होता. "राहू दे," चंपतराव रुखमाबाईला म्हणाले. "पुसलं तेवढं ने म्हणा."

दवाखान्यात रांग होती. ज्या खोलीपुढं बसायचं होतं तिथं लोक एकमेकांकडं पाहत नव्हते. चंपतरावांनी टोपी काढून मांडीवर ठेवली, पुन्हा घातली. तेवढ्यात गावचे मनोहरराव, सोसायटीचे माजी चेअरमन, पायाला बँडेज बांधून समोरून आले. प्रेमिलानं पदर पुढं ओढला. आता हे गावभर होणार.

"इकडे कोठी, चंपतराव?" मनोहररावांनी दारावरची पाटी वाचली, मग गुलाबकडं पाहिलं. "काहून, काय झालं?"

डोळे दुखतात म्हणून सांगता आलं असतं. बाजूलाच डोळ्यांचा वॉर्ड होता. चंपतरावांनी घसा खाकरला.

"पोराले दाखवाले आणलं," ते म्हणाले. "मन थकलं त्याचं. झोप नाही लागत, जिवाचं काही बाही मनात येते. म्हणून आणलं."

मनोहरराव काही तरी बोलायला गेले आणि थांबले. "बरं केलं," एवढंच म्हणाले आणि भिंत धरत पुढं गेले. चंपतरावांच्या कपाळावर घाम आला होता. टोपीनं तो पुसताना गुलाब आपल्याकडं पाहतोय हे त्यांना कळलं नाही. प्रेमिलाला कळलं.

डॉक्टर तरुण होते, जाड चष्म्याचे. त्यांनी आधी गुलाबला एकट्यालाच आत बसवलं. "आमाले बाहेर काहून काढलं?" चंपतराव कुजबुजले. "बोलू द्या त्याले," प्रेमिला म्हणाली. सासऱ्याशी थेट बोलल्याचं तिच्या लक्षातही आलं नाही, त्यांच्याही नाही.

मग दोघांना बोलावलं. हा आजार आहे, डॉक्टर म्हणाले, टायफॉइड असतो तसा. यात मुलाचा दोष नाही, आळस नाही, आणि कोणा एकाच्या बोलण्यानंही झालेला नाही, पण टोचून बोललं की वाढतो. गोळ्या वहिनींनी आपल्याकडं ठेवायच्या, रोजची तेवढीच द्यायची. घरात घातक काही ठेवायचं नाही. इकडं आणत राहायचं. बोर्डिंगचं नंतर बघू.

"बरा होईन ना?" चंपतरावांनी विचारलं.

"बहुतेक मुलं होतात. पण वेळ लागतो. मधून वाईट दिवस येतील, तेव्हा घाबरून जाऊ नका. पुन्हा घेऊन या."

वेळ खरंच लागला. गोळ्यांनी गुलाबचं तोंड कोरडं पडे, तो दिवसभर पेंगे. कधी गोळी थुंकून टाकी आणि प्रेमिलाला पुन्हा समोर बसून द्यावी लागे. गावात काही पोरं पागल म्हणून ओरडत. बळीराम कोराडीहून आला तो आधी तिच्यावरच भडकला, घरची गोष्ट चव्हाट्यावर मांडली म्हणून. मग भावाला घेऊन विहिरीवर गेला आणि दुपार टळेपर्यंत दोघं परतले नाहीत. त्यानंतर तो प्रत्येक सुटीला येऊ लागला. सिंधूताई येता-जाता ओट्यावर टेकायची. एक दिवस रुखमाबाईनंच तिच्यापुढं चहाचा कप ठेवला आणि तिचा रिकामा झालेला कप आपल्या हातानं विसळला. चंपतरावांची सवय काही मोडली नव्हती. गुलाबच्या हातून काही सांडलं की त्यांचं तोंड उघडे, पहिला शब्द बाहेर येई आणि मग तोंड तसंच उघडं राही, जांभई अडकल्यासारखं.

बगीच्याचं त्या साली काही हाती आलं नाही. झाडं छाटली, धुतली, पुन्हा छाटली. काम, पोरगी, दवाखान्याच्या फेऱ्या आणि पोरावरची नजर, यांत प्रेमिलाची पाठ धरून आली. एकदा पाणी भरताना ती आडाच्या काठावरच बसून राहिली. रुखमाबाई शोधत आली.

"काय झालं वं?"

"काही नाही. थकली मी, आत्याबाई."

रुखमाबाईनं तिच्या पुढ्यातली घागर उचलली. "जाय, पडून राय," ती म्हणाली. "आज मी पाहतो त्याच्याकडं. माहाच हाय तो." त्या दिवशी प्रेमिला दिवे लागेपर्यंत झोपली आणि कोणी तिला उठवलं नाही.

हिवाळा गेला. होळी झाली. गुलाब पुन्हा जेवू लागला, बैलांशी बोलू लागला, प्रेमिलाच्या पोरीला खांद्यावर घेऊन बगीच्यात जाऊ लागला. दवाखान्याच्या फेऱ्या विरळ झाल्या. घराचा श्वास जरा खाली बसला.

आणि चैत्रातल्या एका सकाळी, प्रेमिला चुलीपुढं होती, चंपतराव अंगणात बैल जुंपत होते, तेव्हा गुलाब स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभा राहिला. रात्री झोपला नसावा. चेहरा पुन्हा तसा, राखेसारखा.

"वहिनी," तो म्हणाला. "आज मले बरं नाही वाटून राहिलं. तसंच येऊन राहिलं मनात. परवापासून."

 इतके महिने, इतक्या गोळ्या, इतक्या फेऱ्या, आणि पुन्हा तिथंच. मग प्रेमिलाच्या ध्यानात आलं की या वेळी तिला विचारावं लागलं नव्हतं. तो आपल्या पायानं चालत आला होता आणि आपल्या तोंडानं सांगत होता.

तिनं तवा खाली उतरवला. हाताचं पीठ झटकलं आणि पाट पुढं सरकवला.

"बस," ती म्हणाली.

अंगणात चंपतरावांनी ऐकलं होतं. जुवाचं एक शिवळ, बैलाच्या मानेशी बसणारी खुंटी, लावून झालं होतं, ते त्यांनी परत काढलं. बैल सोडले, खुंट्याला बांधले, त्यांच्यापुढं कडबा टाकला. मग ते आत आले आणि उंबऱ्याच्या आतच भुईवर बसले, पोराला पाठ टेकता येईल एवढ्या अंतरावर. रुखमाबाई पोरीला कडेवर घेऊन सिंधूताईला सांगायला निघाली. नागपूरची गाडी निघायला अजून अवकाश होता.

कोणी घाई केली नाही. गुलाबनं दोन वेळा तोंड उघडलं आणि मिटलं. तिसऱ्यांदा तो बोलू लागला.